कुंडीची बांधी

कुंडीतल्या तुळस, कोथिंबीर, पुदिना अशा घरगुती औषधी वनस्पतींना होणारे आजार तीन प्रकारचे असतात: बुरशीचे, किडींचे आणि मालकाचे. वनस्पतिरोगांवरच्या पुस्तकांत पहिल्या दोहोंची वर्णने सविस्तर मिळतात. तिसऱ्याला तिथे ‘अयोग्य व्यवस्थापन’ असे सभ्य नाव देऊन चार ओळींत निकाल लावलेला असतो. भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हा क्रम उलटा लावायला हवा.

कारण जिल्ह्याच्या पिकातच आहे. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. मालगुजारीच्या काळात बांधलेले तलाव, मधून वाहणारी वैनगंगा, वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि आषाढ-श्रावणात घोटाभर पाण्यात उभ्या असलेल्या बांध्या (बाकी महाराष्ट्राची भातखाचरे). शेती म्हणजे पाणी अडवणे, हे इथे मुलाला चालता येण्याआधी कळते. रोवणी झाली की धुरे, म्हणजे बांध, लिंपायचे, धुरा फुटला तर रात्री उठून जायचे, पण बांधीतले पाणी हटू द्यायचे नाही. तोच माणूस, त्याच हाताने आणि त्याच श्रद्धेने कुंडीला पाणी घालतो.

धानाला हे मानवते, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. पानांकडची हवा त्या पोकळ्यांतून चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. तुळस, सांबार (बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर) आणि गोडनिंब (बाकी महाराष्ट्राचा कढीपत्ता) यांच्याकडे ही सोय नाही. त्यांच्या मुळांना हवा मिळते ती मातीच्या कणांमधल्या फटींतून, आणि फटींत पाणी बसले की मुळे गुदमरतात. गुदमरलेली मुळे कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पाने माना टाकतात. झाड चहूबाजूंनी पाण्यात उभे असून तहानेने मरत असते. तहानेने मरणारे झाड दिसले की सज्जन माणूस काय करणार? तो आणखी एक तांब्या ओततो. या एका तांब्यावर जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक तुळशी दगावत असाव्यात.

तहान आणि बुडणे यांतला फरक ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. ते कोरडे निघाले तरच पाणी द्यावे. कुंडी उचलून पाहावी. जड असेल तर तांब्या खाली ठेवावा. माती हुंगावी; आंबट, कुबट वास आला तर मुळे गेली असे समजावे. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, पण ती करताना शेजारी पाहतात आणि बोट मातीत घालून उभ्या असलेल्या प्रौढ माणसाबद्दल मोहल्ल्यात चांगले मत होत नाही.

पाणी साचायला भांडे आणि माती यांची साथ लागते. कुंडी विकत आणण्याची चाल नवी. पूर्वापार कुंडी म्हणजे तेलाचा पिपा, रंगाची बादली किंवा गळ्यापाशी फुटलेला माठ. पिप्याला आणि बादलीला बुडाशी भोक पाडायचे असते, हे सगळ्यांना माहीत असते. पण भोक पाडले तर पुढे ती बादली बादली म्हणून वापरता येणार नाही, हा विचार हातोडा थांबवतो. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. तिथल्या जुन्या घरांत माळ्यावर एखादे तरी गळके गुंड असते. पाणी राहत नाही म्हणून घरादाराने ज्याला नावे ठेवली, ते झाड लावायला अव्वल. पण त्याला मोड म्हणून भाव येत असल्याने झाड लागते न गळणाऱ्या बादलीत.

मातीची गोष्ट याहून मजेची आहे. इथल्या शेतकऱ्याने जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, खर्डी, बर्डी अशी नावे ठेवून प्रत्येकीचा स्वभाव पुरता ओळखलेला आहे. कोणती धानाला द्यायची, कोणती लाखोळीला, यावर तो तासभर बोलू शकतो. कुंडीसाठी मात्र या ज्ञानाचा उपयोग होत नाही. जी जवळ असेल ती भरली जाते, आणि जवळ असते बांधीची. बांधीची माती पाणी धरून ठेवते म्हणून तर ती बांधी. कुंडीत ती ओली असताना हवा जाऊ देत नाही, आणि वाळली की आक्रसून कडा सोडते. मग ओतलेले पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जाते आणि मुळांची भेटही होत नाही. तिच्यात बरोबरीने कुजलेले शेणखत आणि तेवढीच जाड रेती मिसळावी, हा उपाय. वैनगंगेची रेती प्रसिद्ध आहे आणि ती ट्रक भरभरून बाहेर जाते. घरच्या कुंडीला दोन घमेली हवी असली की मात्र दिवेलागणीनंतर शेजारच्या बांधकामाच्या ढिगाकडे फिरायला जावे लागते.

या सगळ्यांत सर्वाधिक उपचार सहन करणारी वनस्पती म्हणजे तुळस. सिमेंटच्या वृंदावनात तिला जेमतेम दोन-तीन घमेली माती मिळते आणि खाली भोक बहुधा नसतेच. सकाळी अंघोळ झालेला घरातला प्रत्येक जण तिला तांब्याभर पाणी घालतो. सहा माणसांचे घर असेल तर सहा तांबे. श्रावणात झड लागलेली असतानाही छत्री धरून पाणी घालणारी माणसे आहेत. नेम तो नेम. त्याशिवाय हळदकुंकू, साखरेचे दाणे, सणावाराला दूध, आणि उदबत्ती खोचायला मातीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. उदबत्तीच्या धगीने खालची पाने कडेने तपकिरी होतात. त्याला रोग समजून आणखी एक उदबत्ती लावली जाते.

तुळस सुकू लागली की निदानासाठी माणसे जमतात. “काहून जी, तुळस वाळून राहिली?” या प्रश्नाला पहिले उत्तर ठरलेले असते: “पानी कमी पडलं असंन.” पाणी वाढवूनही गुण आला नाही की दुसरे निदान दृष्ट लागल्याचे. तिसरे निदान हलक्या आवाजात होते: पाळीच्या दिवसांत कोणाची तरी सावली पडली असणार. वनस्पतिशास्त्रात या निदानाला काडीचा आधार नाही, पण त्याची एक सोय आहे. भोक वृंदावनाला नसते आणि शिक्षा सुनेला होते. सिमेंट फोडण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

तुळशीचे खरे आजार थोडे आहेत. मर रोगाची बुरशी मातीतून मुळांत आणि तिथून खोडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरते. झाड एका बाजूने सुकू लागते आणि खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेषा दिसतात. यावर औषध नाही. झाड मातीसकट काढावे लागते, आणि नेमके तेच होत नाही, कारण तुळस उपटायची कोणी, हा प्रश्न घराघरांत अनिर्णित आहे. दुसरा त्रास जाळीदार पंखांच्या बारीक ढेकणाचा. तो पानामागे बसून रस ओढतो, पाने वाकडी होतात आणि मागच्या बाजूला त्याच्या विष्ठेचे काळे ठिपके राहतात. तिसरी गोष्ट आजार नव्हेच. मंजिऱ्या पिकल्या की तुळस बी धरण्यात शक्ती घालते, पाने लहान होतात, खोड लाकडासारखे होते. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर झाड टिकते. पण एकादशी, द्वादशी आणि रविवार सोडून खुडायचे म्हटल्यावर, आणि उरलेल्या दिवशी वेळ नसल्यावर, मंजिऱ्या कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नापर्यंत जातात. त्यानंतर थंडी पडते, पाने गळतात, आणि लग्न झाल्यावर मुलगी वाळली, असे म्हणायला लोक मोकळे होतात.

सांबाराचे तसे नाही. त्याच्याबद्दल कोणाला भक्ती नाही, लोभ आहे. धने चपलेखाली रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे, इथवर सगळे बरोबर चालते. मग एका कुंडीत मूठभर धने जातात. आठ-बारा दिवसांत रोपे दाटीने वर येतात, घरात आनंद होतो, आणि एका दमट सकाळी मधला पुंजका आडवा पडलेला दिसतो. मातीलगत देठ बारीक झालेला असतो, जणू कोणी चिमटीत धरून दाबला. ही रोपे कोलमडण्याची व्याधी. पिथियम नावाची पाण्यात पोसणारी बुरशीसारखी जात ती घडवते. गर्दी, ओल आणि कोंदट हवा एवढेच तिला लागते, आणि मूठभर धन्यांनी ते तिन्ही पुरवलेले असते. पातळ पेरणी, सकाळचे पाणी आणि वारा हा इलाज. तो पुढच्या पेरणीसाठी. पडलेली रोपे उभी राहत नाहीत. काही जण त्यांना काड्यांचा आधार देतात.

भर उन्हाळ्यात सांबार महाग होतो म्हणून नेमका तेव्हा तो पेरणारेही असतात. चाळीस अंशांच्या वर तो चार पाने काढतो आणि घाईने फुलावर जातो. पाने दोऱ्यासारखी बारीक होतात. रोगाची शंका घेऊन ती पाने कृषी केंद्राच्या काउंटरवर मांडली जातात. पण तो रोग नव्हे, हंगामाबद्दल झाडाचे मत आहे.

हिवाळ्यातला ठळक रोग म्हणजे भुरी. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री गार, दिवस कोरडे आणि उबदार असले की सांबारावर, तुळशीवर पांढरी भुकटी दिसते. बोटाने पुसली जाते आणि चार दिवसांनी परत येते. बहुतेक बुरश्यांना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो, हिला लागत नाही. म्हणून पाणी बंद करून ती जात नाही आणि पाणी वाढवूनही जात नाही. या एकाच रोगापुढे भंडाऱ्याचा तांब्या पुरता निरुपयोगी ठरतो.

भुरीवर स्वयंपाकघरातला इलाज मात्र खरोखरच चालतो. ब्राझीलचे संशोधक वॅग्नर बेतियोल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भोपळ्याच्या कुळातल्या झुकिनीवरची भुरी पाण्यात मिसळलेल्या गाईच्या दुधाने आटोक्यात आणून दाखवली; एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी एवढ्या प्रमाणापासून चांगला गुण दिसला. भंडाऱ्यात तुळशीला दूध घालण्याची चाल त्याहून कितीतरी जुनी आहे, फक्त ते मुळाशी घालतात. तिथे ते नासते, मुंग्यांना बोलावते आणि पानांवरची भुरी वरून बघत राहते. औषध बरोबर, पत्ता चुकला. पानांवर, उन्हाच्या वेळी, आठवड्यातून एकदा फवारले तर त्याच दुधाचे चीज होते. ताकाचे पाणीही लोक वापरतात. गाळून घेतले नाही तर फवाऱ्याच्या तोंडाशी लोणी अडकते.

भुरीशी गफलत होते ती केवड्याची. फुलाच्या नावाचा हा रोग पानाच्या वर पिवळे डाग आणि खाली करडी-जांभळी लव घेऊन येतो आणि त्याला ओल हवी असते. सब्ज्यावर, म्हणजे पिझ्झ्यावरच्या बेझिलवर, येणाऱ्या केवड्याची पहिली नोंद १९३०च्या दशकात युगांडात झाली. सत्तरएक वर्षे त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. मग २००१ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये आणि २००७ मध्ये फ्लोरिडात निघाला, प्रवास बियाण्यातून. पुदिन्याचा तांबेरा त्यामानाने साधा: पानामागे तांबूस पुटकुळ्या दिसल्या की सगळा पुदिना मातीलगत कापून कापलेले जाळावे आणि नवी फूट येऊ द्यावी. गवती चहाला सहसा काही होत नाही. येणारा-जाणारा उपटून नेतो तेवढेच.

किडींत पहिला मान पिठ्या ढेकणाचा. पांढरे, मऊ, कापसाच्या बोळ्यात लपलेले हे ढेकूण देठाच्या बेचक्यात बसून रस ओढतात आणि मागून गोड चिकटा सोडतात. तो गोडवा मुंग्यांना लागतो, म्हणून मुंग्या ढेकणांचे रक्षण करतात, त्यांना नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. तुळशीपाशी मुंग्या आधीपासून हजर असतात. नैवेद्याच्या साखरेने त्यांना रस्ता दाखवलेला असतो. उरलेल्या चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. संत्र्याच्या बागांत याच थराला कोळशी म्हणतात आणि नागपूरकडचे बागाईतदार तिच्या नावाने दचकतात. कुंडीत मात्र स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस आणि संध्याकाळचा अर्धा तास पुरतो. अट एकच: आधी मुंग्यांची वाट तोडायची.

गोडनिंब हा संत्र्याचा चुलतभाऊ, एकाच कुळातला. त्यामुळे संत्र्यावरचे पाहुणे त्याच्याकडेही उतरतात. कोवळ्या शेंड्यांवर सिट्रस सायला ही उडी मारणारी बारीक कीड बसते आणि शेंडे वळतात. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याची विष्ठा दिसते. कुंडीचा मालक तिला पाहून कावळ्यांना शिव्या देतो आणि दोन दिवसांनी झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. मोठी झाल्यावर ती हिरवीगार होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी, दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हात लावायचे धाडस मग घरातला सर्वांत लहान सदस्य करतो. हाताने वेचणे हाच या अळीवरचा सर्वोत्तम उपाय आहे.

वेचून भागत नाही तेव्हा माणसे कृषी केंद्र गाठतात. तिथला संवाद साधारण असा होतो. “किती एकर जी?” “एक कुंडी.” यानंतर काही क्षण दोन्ही बाजूंना बोलायला सुचत नाही. औषधाची मात्रा पंपामागे आणि हेक्टरमागे लिहिलेली, सर्वांत लहान पुडी शंभर कुंड्यांना पुरेल एवढी; मग ती पुडी घरी येते आणि मालक हिशेब न करता अंदाजाने वापरतो. त्याहून वाईट म्हणजे बांधीत मारून उरलेले तुडतुड्याचे औषध. ते घरात असतेच, फुकट असते, आणि तुळशीवर काहीतरी उडताना दिसते. इथे विनोद थांबवायला हवा. सांबार कच्चा खाल्ला जातो, तुळशीचे पान तीर्थात पडते आणि पोरांच्या तोंडात जाते. धानासाठीचे कीटकनाशक या पानांवर कधीही मारू नये.

युरियाचेही तसेच. पान पिवळे पडले की बांधीतून उरलेल्या पोत्यातली मूठ कुंडीत जाते. रोवणीच्या धानाला हेक्टरी १०० किलो नत्र धरले, तर दहा इंची कुंडीच्या तोंडाच्या क्षेत्राला हंगामभरात अर्धा ग्रॅम नत्र येते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे युरिया एक ग्रॅमच्या थोडा वर. मूठ पन्नास ग्रॅमची धरली तरी झाडाने चाळीसहून अधिक हंगामांचे जेवण एका बैठकीत केलेले असते. दोन दिवसांत पानांच्या कडा जळतात आणि निदान होते: पाणी कमी पडले. गंमत अशी की या एका प्रसंगी ते बरोबर असते. भरपूर पाणी ओतून युरिया धुऊन काढणे हाच मार्ग असतो. अर्थात बुडाला भोक असेल तर.

घरच्या घरी निर्धास्त वापरावा असा फवारा निंबोळीचा. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, एक लिटर होईल इतके पाणी आणि चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी पानामागून फवारावी. हा पाच टक्के अर्क. मावा, पांढरी माशी, लहान अळ्या यांवर तो चालतो, कारण किडीची भूक आणि कात टाकणे दोन्ही बिघडतात. फवारल्यावर आठवडाभर सांबार तोडू नये. तोडून वड्या केल्याच, तर अळ्यांनी झाड का सोडले ते जेवणाऱ्यांच्या लक्षात येते.

बुरशीवरचे जुने औषध बोर्डो मिश्रण. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्यालगतच्या वेलींवर द्राक्षे चोरीला जाऊ नयेत म्हणून मोरचूद आणि चुन्याचे ओंगळ निळे पाणी शिंपडत असत. १८८२ मध्ये पिएर मिलार्दे यांनी पाहिले की त्याच वेलींवर केवडा नाही, आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे आणले. शेजाऱ्यावरच्या संशयातून निघालेले इतके उपयोगी संशोधन दुसरे सापडणे कठीण. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, मोरचूद लोखंड खातो. मातीचे किंवा प्लास्टिकचे भांडे घ्यावे. मात्र हे औषध शोभेच्या झाडांपुरते ठेवावे. ज्या पानांची चटणी करायची, त्यांना निळा रंग देण्यात अर्थ नाही.

मुळांच्या रोगांवर ट्रायकोडर्मा ही बुरशी कामी येते. ती इतर बुरश्यांवर जगते. काट्याने काटा काढण्याचा हा प्रकार असून तिची पूड शेणखतात मिसळून, सावलीत आठवडाभर ओलसर ठेवून मग मातीत घालतात. ती जिवंत असते, एवढेच लक्षात ठेवायचे. मुदत संपलेली, किंवा उन्हात स्कूटरच्या डिकीत चार दिवस फिरलेली पुडी म्हणजे रंगीत माती. तिच्यासोबत त्याच दिवशी बुरशीनाशक ओतणारे लोकही आहेत. एका हाताने पाहुणा बोलवायचा आणि दुसऱ्या हाताने त्याला विष घालायचे.

झाड गेलेच तर मुळासकट काढून जाळावे. तुळस जाळायला मन धजत नसेल तर खोल पुरावी. वैनगंगेत सोडण्यात पुण्य असले तरी खालच्या गावाच्या घाटावर ती अडकून राहते. रोगट मातीत लगेच नवे झाड लावू नये. ती माती उन्हाने शुद्ध करण्याची रीत इस्रायलच्या याकोव कातान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये शास्त्रशुद्ध मांडली: ओली माती पसरावी, पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकावी आणि कडक उन्हात चार ते सहा आठवडे ठेवावी. उन्हाच्या बाबतीत भंडाऱ्याला कोणाकडून काही घ्यायचे नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. अडचण प्लास्टिकची आहे. घरातला एकमेव मोठा पारदर्शक तुकडा त्या दिवसांत गच्चीवर कुरड्यांखाली अंथरलेला असतो, कुरड्या उचलल्या की त्यावर पापड येतात, पापडांनंतर सरगुंडे. तुकडा रिकामा होतो तोवर मृग लागलेला असतो, आणि पहिल्या पावसानंतर ही पद्धत चालत नाही.